साळूचा लहान-मोठ्या चाकांचा गाडा

गाड्यांमधलं मला जेवढं कळतं तेवढं आपल्या पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाला कळत नाही. आता, एकदा मी बैल गाडीच्या मागच्या बाजूला जुंपले होते आणि ते चालत का नाहीत म्हणून दुपारपर्यंत त्यांच्यावर ओरडत बसलो होतो, हे खरं आहे. पण तेव्हा बैलांनीही काही सांगितलं नाही, त्यामुळे निम्मा दोष त्यांचा. तर बाळांनो, ही गोष्ट गाड्याची आहे. मागे बसलेल्यांनी हसणं आत्ताच उरकून घ्या, कारण पुढे राग फार आहे.

एका जंगलाच्या मधोमध एक उभा डोंगर होता आणि त्या डोंगराच्या कुशीत, झऱ्याच्या वरच्या अंगाला, बीळ करून एक साळू राहत असे. साळू ठाऊक आहे ना? तीच, अंगभर काळ्या-पांढऱ्या काट्यांची. ती काटे फेकून मारते असं लोक सांगतात. साफ खोटं. राग आला की तिचे काटे उभे राहतात, खुळखुळ वाजतात, आणि ती पाठ फिरवते. एवढंच. पुढे यायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवायचं. ही साळू झऱ्याकाठच्या चिकण मातीचे माठ घडवायची, भाजायची आणि आठवड्याच्या बाजारात नेऊन त्यांच्या बदल्यात कंदमुळं आणायची. पावसाळ्यात तिच्या बिळाभोवती चिखल होई, चार महिने बाहेर पडता येत नसे. त्या चार महिन्यांचं खाणं तिला उन्हाळ्यातल्या मोजक्या बाजारांतच जमवावं लागे.

बाजार भरायचा डोंगराच्या वळणापलीकडे, चिंचांच्या सपाट माळावर. तिथं जायला डोंगराच्या कमरेभोवती एकच वाट होती. वाट कसली, डोंगराच्या अंगावर ओढलेली रेघ! एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि वाट सगळी दरीकडे कललेली. वर इतकी अरुंद, की समोरासमोर दोन गाडे आले तर एकानं दरीत उतरून वाट द्यायची, आणि उतरलेला पुन्हा वर येईलच असं नाही. म्हणून फार पूर्वी एका म्हाताऱ्या हत्तिणीनं नियम घालून दिला होता : डोंगर उजव्या हाताला ठेवायचा आणि सगळ्यांनी एकाच दिशेनं चालायचं. बाजाराला जाताना पाव डोंगर, घरी येताना पाऊण. शेजारणीकडे मीठ राहिलं तरी ते आणायला अख्ख्या डोंगराला फेरी. कटकट होती, पण हत्तिणीला सांगणार कोण?

मागच्या उन्हाळ्यात साळूनं सगळ्यांसारखाच दोन सारख्या चाकांचा गाडा केला होता. वाट कललेली, म्हणून गाडाही कलला, आणि माठ एकमेकांच्या अंगावर सरकत गेले. दहा निघाले, चार पोचले. पुढच्या बाजाराला दहा निघाले, दोन पोचले. त्या पावसाळ्यात साळूनं बिळाच्या भिंतीतली मुळं खरवडून खाल्ली आणि चार महिने एकच गोष्ट डोक्यात घोळवली. वाट सरळ होणार नव्हती. मग गाडा वाकडा करायचा.

साळूचे दात म्हणजे पटाशी. तिनं लाकूड कुरतडून उजवं चाक लहान केलं आणि डावं मोठं. डोंगराकडची जमीन उंच, तिथं लहान चाक. दरीकडची जमीन खाली, तिथं मोठं चाक. कललेल्या वाटेवर गाडा उभा केला तर जेवायच्या पाटासारखा सपाट! ती पाठीमागून ढकलत निघाली. दहा माठ निघाले, दहा पोचले. वाटेत एकही माठ दुसऱ्याला लागून साधा किणकिणलासुद्धा नाही. आनंदानं साळूला शीळ घालावीशी वाटली. साळूला शीळ येत नाही, म्हणून तिनं नुसतेच ओठ पुढे केले.

वाट संपून माळ सुरू झाला, आणि तिथंच सगळं बिनसलं. सपाट जमिनीवर तो गाडा उजवीकडे असा झुकला, जसा कानात कुणी गुपित सांगतंय म्हणून वाकलेला म्हातारा. माळाच्या तोंडाशी बाजारकरी ओळीनं उभे होते. समोरून हे येताना पाहिलं आणि जे हसत सुटले, ते सुटलेच.

वानर चिंचेवरून खाली उतरला, खास एवढ्यासाठी. "साळूबाई, हे धाकटं चाक थोरल्याचं पोर का हो?"

"अंगावर पाजताय ना अजून?" अस्वल म्हणालं. अस्वल मधाचं गिऱ्हाईक सोडून हसायला आलं होतं. "पाजा, पाजा. दिवाळीपर्यंत होईल बरोबरीचं!"

साळूचे काटे मुळापासून हलले. तरी तिनं दात आवळून सांगितलं, "वाट कललेली आहे. वाटेवर हा गाडा सरळ उभा राहतो. या माझ्याबरोबर, दाखवते."

"वाट कललेली आहे," वानरानं तिच्याच आवाजात, कंबर एका बाजूला काढून म्हटलं, आणि एक पाय दुमडून सगळ्या बाजारातून लंगडत फिरला. पिल्लं त्याच्या मागे लंगडू लागली. पिल्लांच्या आयाही हसल्या. ज्या हरणीनं साळूकडून माठ घ्यायला हात पुढे केला होता, तिनं तो हळूच मागे घेतला. लंगड्या गाड्यावरचा माठ घरी नेला तर सासू काय म्हणेल, असा काहीसा विचार तिनं केला असावा. त्या दिवशी दहातले सात माठ साळू परत घेऊन गेली. पाऊण डोंगर फिरून.

पुढच्या बाजाराला हसणारे लवकर येऊन उभे राहिले, चांगली जागा मिळावी म्हणून. आणि या खेपेला कोल्हा पुढे झाला. कोल्हा त्या बाजाराचा मुकादम होता. त्याला कुणी नेमलं होतं ते कुणालाच आठवत नव्हतं. आपल्याला नेमलं आहे असं तोच सांगायचा.

"साळूबाई," कोल्हा शेपटी झटकत म्हणाला, "इथं लांबलांबच्या रानांतून गिऱ्हाईक येतं. ते हा गाडा बघतं आणि म्हणतं, या बाजारात सगळेच असे का? बाजाराची शोभा जाते. पुढच्या खेपेला दोन्ही चाकं सारखी करून या. नाही केलीत, तर या माळावर पाय ठेवायचा नाही."

"सारखी केली तर माठ फुटतात, मुकादम."

"मग न फुटणारे माठ करा."

"एकदा, फक्त एकदा माझ्याबरोबर वाटेनं चला. गाड्याला हात लावून बघा."

"मी मुकादम आहे," कोल्हा म्हणाला. "मी ढकलत नाही. मी बघतो."

साळूला इतका राग आला की तिला समोरचं दिसेना. तिचे काटे असे खुळखुळले, जसं वाळल्या शेंगांचं झाड वाऱ्यात सापडावं. सगळे दोन पावलं मागे सरले आणि तिथून पुन्हा हसले. लांबून हसायला तर जास्तच बरं पडतं.

घरी पोचल्यावर ती त्या गाड्यासमोर बसली. राग कोल्ह्यावर होता, वानरावर होता, अस्वलावर तर फारच होता, पण त्यातलं कुणी तिथं नव्हतं. तिथं गाडा होता. म्हणून राग गाड्यावर निघाला. "तुझ्यामुळे," ती म्हणाली, "तुझ्यामुळे सगळं रान मला हसतं!" आणि तिनं मोठ्या चाकाला कचकन दात लावले. कुरतडून लहान करायचं, दोन्ही सारखी करायची, संपली कटकट. एक लचका निघाला. भुसा तोंडात आला. तो थुंकताना तिची नजर कोपऱ्यातल्या खापरांच्या ढिगाकडे गेली. गेल्या वर्षीची खापरं. ती गेल्या वर्षी सारख्या चाकांच्या गाड्यावर होती आणि कुणीही हसलं नव्हतं. उपाशी राहिलेलीला मात्र कुणी विचारलंही नव्हतं.

"नाही करणार सारखी," साळू मोठ्यानं म्हणाली. ऐकायला कुणी नव्हतं, तरी मोठ्यानं म्हणाली. मग ती कोल्ह्याचा हुकूम पुन्हा एकदा मनात बोलून पाहू लागली, शब्द न् शब्द. माळावर पाय ठेवायचा नाही, असं तो म्हणाला होता. वाटेबद्दल काही म्हणाला नव्हता.

पुढच्या बाजाराला सगळे नेहमीसारखे माळाच्या तोंडाशी हसायला उभे राहिले, आणि साळूचा गाडा वाट संपायच्या एक हात आधी थांबला. तिथं वाट अजून कललेली होती. गाडा ताठ, सपाट, सरळ उभा. वर दहा माठ, एकालाही चीर नाही. ज्यांनी हसायला तोंड उघडलं होतं त्यांना ते तसंच बंद करावं लागलं.

"माळावर यायचं नाही म्हटलं होतं!" कोल्हा ओरडला.

"आलेय का?" साळू म्हणाली. "पाय मोजा माझे. चारही वाटेवर आहेत."

तेवढ्यात मागून अस्वलाचा गाडा आला. दोन सारखी चाकं, देखणा, वर मधाची मडकी. पण कललेल्या वाटेवर मडकी कडेला सरकून एकमेकांवर आपटली होती, एक फुटलं होतं, आणि वाटभर मध सांडत आला होता. मुंग्यांची रांग थेट झऱ्यापर्यंत. अस्वलानं एकदा साळूच्या माठांकडे पाहिलं, एकदा आपल्या मडक्यांकडे. मग हरणी पुढे आली. "मला तो काळा माठ द्या," ती म्हणाली. तिच्यामागून ससे आले, सांबर आलं, साळिंद्रांना नावं ठेवणारी घोरपडसुद्धा आली. उन्हाळा होता, झरा आटत चालला होता, पाणी भरून ठेवायला धड माठ हवा होता. सासू काय म्हणेल याचा विचार तहानेपुढे फार वेळ टिकत नाही. दहाच्या दहा माठ गेले. साळू कंदांनी भरलेला गाडा घेऊन गेली. घरची वाट माळावरूनच होती; तो ओलांडताना गाडा झुकला, पण त्या दिवशी कुणी हसलं नाही की अडवलं नाही.

हसले नाहीत ते बरं, असं तुम्हाला वाटलं ना? चुकलात. हसत होते तोवर ते निदान बघत तरी नव्हते. आता कोल्हा बघू लागला.

त्याच्या मनात आलं, असा गाडा आपल्याकडे हवा. अस्वलाला हवा होताच. वानराला काहीच न्यायचं नव्हतं, पण दोघांकडे असणार म्हणून त्यालाही हवा. तिघं पुढच्या बाजाराला साळूच्या गाड्यासमोर येऊन उभे राहिले आणि एक डोळा मिटून, मान वाकडी करून मापं घेऊ लागले. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, पाठीमागे साळूचे काटे. बघायला समोरचीच बाजू तेवढी मोकळी. कोल्ह्याच्या डाव्या हाताला लहान चाक दिसत होतं, उजव्या हाताला मोठं. त्यानं ते नीट पाठ केलं.

"तिला एकदा विचारावं का?" अस्वलानं हळूच म्हटलं.

"तिला?" कोल्हा फिस्कारला. "जिला सगळ्या बाजारादेखत बोललो, तिला जाऊन विचारायचं? मुकादमानं?"

साळूला हे सगळं ऐकू आलं. तिचे कान चांगले होते. 

पुढचे सहा दिवस सुतारपक्ष्याची ठकठक डोंगरभर घुमत होती. साळूला कळत होतं काय चाललंय. माती तुडवताना ती मनातल्या मनात भांडत होती. विचारायला आले तर काय काय ऐकवायचं, ते तिनं जुळवून ठेवलं होतं, चांगलं झऱ्यापासून माळापर्यंत पुरेल एवढं. पण ऐकवून झाल्यावर तिनं सांगितलं असतं. चाक कुठलं लहान, कुठलं मोठं, आस कसा बसवायचा, सगळं. रागानं का होईना, सांगितलं असतं. कुणी आलं नाही.

बाजाराच्या सकाळी झऱ्याजवळच्या सपाट जागेवर तीन नवे गाडे उभे होते. त्यांच्या मागे साळूचा. कोल्ह्यानं आपल्या गाड्याला झेंडूची माळ घातली होती. साळूनं पाठीमागून त्या गाड्यांकडे पाहिलं. तिघांचंही लहान चाक डावीकडे होतं. दरीकडे. आणि मोठं चाक डोंगराकडे.

कसं झालं असेल ते कळलं ना? आरशात बघून भांग पाडता तेव्हा काय होतं? तसंच. समोर उभं राहणाऱ्याला जे डावीकडे दिसतं, ते ढकलणाऱ्याच्या उजव्या हाताला असतं. कोल्ह्यानं जे पाहिलं ते पाहिलं तसंच केलं. अगदी हुबेहूब, आणि अगदी उलटं.

साळू गप्प राहू शकली असती. दोन बाजार ज्यांनी तिला छळलं, ते स्वतःच्या पायानं पडायला निघाले होते. तिनं फक्त बघत राहायचं होतं. तिचा राग तिला तेच सांगत होता, आणि तो राग काही लहान नव्हता. तरी ती ओरडली, "थांबा! चाकं उलटी बसलीत! पुढे जाऊ नका!"

"जळली, जळली!" वानर टाळ्या पिटत म्हणाला. "आपल्यासारखा दुसऱ्याकडे झाला की असंच होतं, बरं का साळूबाई!"

"आता शोभेचं मी बघतो," कोल्हा मागे न वळता म्हणाला, "तुम्ही माठांचं बघा."

सपाट जागा संपली, वाट कलली. वाट दरीकडे कललेली, आणि त्यात गाडेही दरीकडे झुकलेले. पहिला कोल्ह्याचा गाडा गेला, झेंडूच्या माळेसकट. त्याच्या मागे अस्वलाचा, मधाच्या सगळ्या मडक्यांसकट. वानरानं आपला गाडा सोडून कड्यावर उडी मारायला हवी होती. पण लोक बघतायत म्हणून त्यानं तो धरून ठेवला. तिघं खालच्या करवंदाच्या जाळीत जाऊन पडले. जाळी होती म्हणून वाचले, आणि जाळी होती म्हणून वाचल्याचं सुख त्यांना फार वेळ मिळालं नाही.

थोड्या वेळानं ते एकेक करून वर आले. कोल्ह्याच्या शेपटीला मध लागला होता आणि मधाला पाला. अस्वल स्वतःचाच हात चाटत होतं आणि रडत होतं. साळूचा गाडा वाटेवर सरळ उभा होता, माठ जागच्या जागी. ते पाहिलं आणि कोल्ह्याचं डोकंच फिरलं. तो गाड्याच्या पुढे आडवा झाला.

"हे तुझं कारस्थान!" तो ओरडला. आता 'साळूबाई' नव्हतं, 'तुम्ही' नव्हतं. "आम्हाला फसवायला तू मुद्दाम असा गाडा केलास! आज या वाटेवरून हा पुढे जाणार नाही. आज नाही आणि उद्याही नाही. मोडा रे तो!"

वानर एक पाऊल पुढे आला. साळू जागची हलली नाही. गाड्यावर दहा माठ होते. पाऊस यायच्या आत हाच एक बाजार उरला होता, आणि बिळात अजून निम्म्या पावसाळ्याचेही कंद नव्हते. गाडा मोडला तर सगळं मोडलं. तिचे काटे एकेक करून उभे राहिले. तिचा आवाजही तसाच झाला, खुळखुळणारा.

"ओरडले होते मी," ती म्हणाली. "डोंगरानं ऐकलं. तुम्ही नाही."

"हो, ओरडली होती ती," अस्वल नाक ओढत म्हणालं, आणि सरळ वाटेच्या कडेला जाऊन बसलं. "जाऊ दे तिला, मुकादम. माझी सगळी मडकी फुटली. उरलेला मध मी कशात ठेवू? मला तिच्या गाड्यावरचेच माठ लागणार आहेत." वानरानं अस्वलाकडे पाहिलं, मग अंगात रुतलेल्या करवंदाच्या काट्यांकडे, आणि तोही हळूच कड्यावर चढून बसला. वाटेवर एकटा कोल्हा राहिला.

"दहा वेळा बघितला होता मी हा गाडा!" तो म्हणाला. आता आवाज थोडा खाली आला होता. "नीट बघितला होता. लहान चाक या बाजूलाच होतं."

"समोर उभं राहून बघितलात," साळू म्हणाली. "हसायला तीच जागा बरी पडते. गाडा पाठीमागून ढकलतात, मुकादम. एकदा माझ्या शेजारी येऊन हात लावला असतात, तर कुठलं चाक कुठल्या हाताला ते आंधळ्यालाही कळलं असतं."

"मागे कसं येणार?" कोल्हा चिडून म्हणाला. "मागे तुझे काटे!"

"काटे हसणाऱ्यांसाठी आहेत," साळू म्हणाली. "ढकलायला आलेल्याला मी अजून एकदाही टोचले नाहीत. टोचणार कशी? आजवर कुणी आलंच नाही." कोल्हा कड्याला चिकटून बाजूला झाला, आणि दहाच्या दहा माठ घेऊन गाडा बाजाराकडे निघाला.

तात्पर्य : समोर उभं राहून हसणाऱ्याला दुसऱ्याची अक्कल उलटीच दिसते; कुणाची रीत समजून घ्यायची असेल, तर आधी त्याच्या ओझ्याला पाठीमागून हात लावावा.